जिथे पाणी गोठत नाही, तिथे अँटीफ्रीझ कशाला? कसारा घाट ते कूलंटची बाटली

नाशिकच्या कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात कूलंटची बाटली हातात घेतली, तर तिच्यावर बहुधा आणखी एक शब्द छापलेला आढळतो : अँटीफ्रीझ. म्हणजे गोठू न देणारे द्रव्य. निफाडच्या द्राक्षबागांत कडाक्याच्या थंडीत रात्री शेकोट्या पेटतात हे खरे. पण त्या थंडीतही गाडीच्या रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिन फुटल्याचे कोणी ऐकलेले नाही. मग बर्फाळ प्रदेशासाठी निर्माण झालेले हे द्रव्य गोदाकाठच्या मोटारीत कसे येऊन पोहोचले? लाल घ्यावे की हिरवे, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही याच इतिहासात दडलेले आहे. आजचा धागा त्याविषयी.

आरंभ मोटारीपासून नव्हे, आगगाडीपासून करावा लागतो. मुंबईहून नाशिककडे येताना सह्याद्रीची जी भिंत आडवी येते तिचे नाव थळ घाट, म्हणजेच आजचा कसारा घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या घाटातून कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला केला. सुमारे १५ किलोमीटरच्या अंतरात गाडीला जवळजवळ ३०० मीटर उंची गाठावी लागते. चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणजे रेल्वेच्या मानाने अतिशय तीव्र. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने जोडली जातात.

वाफेच्या इंजिनाला पाणी लागे ते ऊर्जेसाठी. पाणी हेच तिथे कामकरी होते : उकळायचे, वाफ व्हायचे आणि दट्ट्या ढकलायचा. त्यामुळे पाण्याच्या गुणवत्तेची चिंता सर्वप्रथम रेल्वेच्या लोकांना करावी लागली. जड पाणी वापरले की बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर चढे, तो थर उष्णता अडवी आणि कोळसा जास्त लागे. १९३० मध्ये इगतपुरीपर्यंतचा मार्ग विजेवर आला आणि ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखली जाणारी विद्युत इंजिने मालगाड्या ओढू लागली. घाटातील आगगाडीची तहान संपली. त्याच घाटाच्या सडकेवर मात्र एका नव्या तहानलेल्या यंत्राची वर्दळ वाढत होती.

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनात पाण्याची भूमिका उलटी असते. तिथे पाण्याने उकळायचे नसते; उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची असते. इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि जवळजवळ तेवढीच पाण्याच्या वाटेने बाहेर काढावी लागते. चाकांपर्यंत पोहोचते ती उरलेली. कार्ल बेंझच्या १८८६ च्या पहिल्या मोटारीत पाणी चक्क उकळून उडून जाऊ देत असत. १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था ही मॅनहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, ती गाडी घेऊन गेली तेव्हा तिला वाटेत पुनःपुन्हा थांबून मिळेल तिथून पाणी भरावे लागले होते. जगातील पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासातच ‘गाडीला पाणी पाजणे’ हा विधी सुरू झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

यातून सुटका केली ती विल्हेल्म मायबाखने. १९०१ च्या मर्सिडीजमध्ये त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला; आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या आणि त्यांतून वाहणारी हवा. त्यामुळे पूर्वीच्या मानाने निम्म्या पाण्यात, सुमारे ९ लिटरमध्ये, काम भागू लागले. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये तर सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, थंड झालेले खाली उतरे, आणि त्या अभिसरणावर गाडी चाले. सपाटीवर हे ठीक होते. लांब चढावर, कमी वेगात, पाठीमागून वारा असताना अशी इंजिने उकळत.

आता घाटाच्या सडकेकडे येऊ. मुंबई-आग्रा महामार्गावर कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या गाड्यांचे दृश्य आजच्या चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या पिढीला चांगले आठवत असेल. बॉनेट उघडे, वाफेचा लोट, रस्त्याच्या कडेला दगड लावून उभी केलेली फियाट किंवा ॲम्बॅसेडर, आणि हातात पाण्याचा डबा घेऊन वाट पाहणारा चालक. दादरहून नाशिकला येणाऱ्या टॅक्सीच्या डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. घाट चढून घाटनदेवीच्या देवळापाशी थांबायचे ते देवीला हात जोडण्यासाठी आणि इंजिनाला श्वास घेऊ देण्यासाठीही. मालमोटारींची तर गोष्टच वेगळी. भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढे, इंजिन पूर्ण जोरात आणि समोरून वारा जवळजवळ शून्य. कूलिंग व्यवस्थेची याहून कठोर परीक्षा नाही.

या सर्व गाड्यांत साधे पाणीच असे. विहिरीचे, नळाचे, ओढ्याचे, जे हाताशी येईल ते. आणि ते चालूनही जाई, कारण ॲम्बॅसेडरच्या इंजिनाचा ब्लॉक व हेड दोन्ही बिडाचे होते. बीड गंजते, पण जाड असते, आणि थोड्या गंजाने त्याचे बिघडत नाही. पाण्याच्या वाटा रुंद होत्या. रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. तो चोंदला तर गॅरेजमध्ये वरची टाकी उघडून, सळई घालून साफ करता येई व पुन्हा डाख देता येई. या दुरुस्तीवर स्वतंत्र कारागिरांची पोटे चालत. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धतही याच काळातली. तापमान ८० ते ९० अंशांदरम्यान पोहोचेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी ती छोटीशी झडप अनेक मेकॅनिकांना निव्वळ अडथळा वाटे. तिच्याविना इंजिन सतत थंड चालते, इंधन अधिक खाते व लवकर झिजते, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. वाईट म्हणजे ही सवय अजूनही पुरती गेलेली नाही.

पण साध्या पाण्याची खरी अडचण दख्खनच्या भूगर्भात आहे. नाशिक जिल्हा बेसाल्टच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन विहिरीत उतरते. शालेय पुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात आणि गृहिणी ज्याला जड पाणी म्हणतात ते हेच. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. हे पाणी तापवले की विरघळलेला चुना पांढऱ्या थराच्या रूपाने बाहेर पडतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरातील गीझरची कॉइल काढून पाहावी. इंजिनाच्या आत काय घडते त्याचे ते चित्र आहे. उन्हाळ्यात उकळणाऱ्या रेडिएटरमध्ये दर खेपेला नवे बोअरचे पाणी ओतणारा चालक दर खेपेला नव्या चुन्याची भर घालत असे. आज गाडी वाचे. पण उद्या ती आणखी लवकर तापण्याची तयारी त्याच पाण्यातून होत असे.

(जाता जाता : याच बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट गटातील देखणे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात. आणि झिओलाइटच्याच गुणधर्मावर विसाव्या शतकाच्या आरंभी जड पाणी मऊ करणारी पहिली यंत्रे बनवली गेली. रोग आणि औषध एकाच खडकात, असा हा योगायोग.)

मग ग्लायकॉल कुठून आले? इथिलीन ग्लायकॉल सर्वप्रथम तयार केले ते शार्ल-आदोल्फ व्युर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १८५० च्या दशकात. अर्धशतकाहून अधिक काळ ते प्रयोगशाळेतील कुतूहलच राहिले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ग्लिसरीनचा तुटवडा पडला तेव्हा स्फोटकांच्या निर्मितीसाठी ते उपयोगी पडले. युद्धानंतर अमेरिकेत त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारींसाठी बाजारात उतरले. तोवर थंड देशांतील मोटारवाले हिवाळ्यात पाण्यात अल्कोहोल किंवा ग्लिसरीन मिसळत. अल्कोहोल उडून जाई, ग्लिसरीन घट्ट होई. ग्लायकॉलने दोन्ही कटकटी मिटवल्या. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. गंमत अशी की शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १२-१३ अंशांनाच गोठते. पाण्याशी लग्न लागल्यावरच त्याचा गुण खुलतो.

येथे एक समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. ‘पाण्यापेक्षा कूलंट जास्त थंड ठेवते’ असे दुकानात सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी करणारे स्वस्त द्रव्य दुसरे नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची उष्णता धारण करण्याची क्षमता वजनास वजन पाण्याहून १५ ते २० टक्क्यांनी कमी भरते. याचा धडा लढाऊ विमानांनी मोठ्या प्रमाणावर घेतला. रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत निव्वळ ग्लायकॉल असे. तेच इंजिन पुढे ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल आणि वाढीव दाब या व्यवस्थेवर आणले गेले. स्पिटफायरची कीर्ती ज्या इंजिनामुळे झाली, त्याच्या अभियंत्यांनीही अखेर पाण्याकडेच परतण्याचा मार्ग स्वीकारला, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

दाबाचा मुद्दा घाटासाठी फार महत्त्वाचा आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. इगतपुरीच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर ते ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणजे जिथे इंजिन सर्वांत जास्त दमलेले, तिथेच पाण्याची सहनशक्ती कमी झालेली. रेडिएटरचे झाकण स्प्रिंगने घट्ट करून आत वातावरणाहून एक बार अधिक दाब ठेवला, तर हाच उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो. त्यात निम्मे ग्लायकॉल असेल तर आणखी काही अंश वर. घाटातील उकळत्या गाड्यांची संख्या घटली तिचे श्रेय बाटलीतील रंगीत द्रवाला जेवढे दिले जाते, तेवढेच, किंबहुना अधिकच, त्या झाकणाला द्यायला हवे. झाकणाचा रबर कुजला की महागातले महाग कूलंटही उकळते. आणि तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम सुटून उकळते पाणी तोंडावर येते. जुने चालक त्यावर ओले पोते टाकून हळूहळू फिरवत ते याच भीतीने. त्याहून शहाणपणाचे म्हणजे गाडी पूर्ण थंड होईपर्यंत ते उघडूच नये.

महाराष्ट्रात कूलंट रूढ झाले ते इंजिनाची धातू बदलल्यावर. ॲल्युमिनियमचे हेड काही जुन्या इंजिनांतही होते. पण १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि पुढील दोन दशकांत हलकी, ॲल्युमिनियमचा सढळ वापर करणारी इंजिने सर्वसामान्य झाली. रेडिएटरही तांब्या-पितळेचे न राहता ॲल्युमिनियमचे झाले व त्यांना प्लास्टिकच्या टाक्या लागल्या. नाशिक स्वतः या बदलाचे एक केंद्र होते. सातपूरच्या कारखान्यातून महिंद्राची बोलेरो आणि २००२ पासून स्कॉर्पिओ बाहेर पडू लागली. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना तर थेट इगतपुरीत आहे, म्हणजे ज्या गावी वाफेची इंजिने घाट चढून येत असत तिथेच. ॲल्युमिनियम बिडासारखे सहनशील नाही. पातळ भिंती, अरुंद वाटा, आणि एकाच पाण्यात बीड, ॲल्युमिनियम, डाख व तांबे एकत्र आले तर अत्यल्प का होईना विद्युतप्रवाह निर्माण होऊन एक धातू दुसऱ्याला खाऊ लागतो. हेड एकदा अतितापाने वाकले की गॅस्केट जाते, पाणी तेलात उतरते, आणि पाचशे-हजार रुपयांच्या बाटलीवर वाचवलेले पैसे कित्येक पटींनी मोजावे लागतात.

म्हणून बाटलीत महत्त्वाचे असते ते ग्लायकॉल नव्हे, तर त्यातील काही टक्क्यांची गंजरोधक द्रव्ये. ग्लायकॉल स्वतः तापून-तापून हळूहळू आम्ल बनते. त्याला आवर घालण्याचे कामही याच द्रव्यांकडे असते. आणि इथे इतिहास खरोखर रंजक होतो, कारण ही द्रव्ये प्रत्येक प्रदेशाने आपल्या पाण्याच्या आणि आपल्या यंत्रांच्या अनुभवावरून निवडली. युरोपातील पाणी बऱ्याच ठिकाणी जड. त्यात फॉस्फेट घातले तर कॅल्शियमशी संयोग होऊन साका बसतो, म्हणून युरोपीय उत्पादकांनी फॉस्फेट टाळले आणि सिलिकेटचा आधार घेतला. जपानी उत्पादकांना सिलिकेटमुळे पाण्याच्या पंपाच्या सीलची झीज होते असे आढळले. त्यांनी सिलिकेट वर्ज्य करून फॉस्फेट ठेवले. अमेरिकेत दीर्घकाळ दोन्ही चालत. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली, पाच-पाच वर्षे टिकणारी कूलंट आली आणि पुढे दोन्हींचे संकर निघाले. भारतीय रस्त्यावर जपानी, कोरियन, युरोपीय आणि देशी वंशाच्या गाड्या एकत्र धावतात. त्यामुळे या सर्व परंपरा नाशिकच्या एकाच दुकानाच्या एकाच फळीवर शेजारी उभ्या असतात.

रंगाचा प्रश्न इथेच निकाली निघतो. रंग हा केवळ रंग आहे. गळती दिसावी आणि एका कंपनीच्या मालात गोंधळ होऊ नये म्हणून घातलेला. एका उत्पादकाचा हिरवा दुसऱ्याच्या हिरव्याहून रसायनाने पूर्ण भिन्न असू शकतो. लाल-गुलाबी म्हणजे आधुनिक आणि हिरवा म्हणजे जुना, हा नियम पुष्कळदा लागू पडतो व पुष्कळदा फसतो. दोन भिन्न जातींची कूलंट मिसळली तर प्रत्येक वेळी अनर्थ होतोच असे नाही, पण गंजरोधकांची शक्ती घटते आणि काही जोड्यांत जेलीसारखा गाळ तयार होऊन रेडिएटरच्या बारीक वाटा बंद होतात. मग पाहायचे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेले विनिर्देश आणि बाटलीच्या मागील बाजूचा मजकूर. तिथे आय.एस. ५७५९ या भारतीय मानकाचा, किंवा जपानी वा अमेरिकी मानकाचा उल्लेख आहे का. सिलिकेट, फॉस्फेट यांविषयी काय लिहिले आहे. आणि माल थेट ओतायचा आहे की पाणी मिसळायचा. ही शेवटची बाब वाचायची राहून जाते आणि लोक आधीच पातळ केलेल्या कूलंटमध्ये पुन्हा निम्मे पाणी घालतात.

पाणी मिसळायचेच असेल तर दख्खनच्या भूगर्भाची आठवण ठेवावी. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी बोअरपेक्षा सौम्य असले तरी तेही इंजिनासाठी नव्हे. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाणी पेट्रोल पंपाच्या शेजारीही मिळते आणि स्वस्त असते. महागडे कूलंट आणून त्यात बोअरचे पाणी ओतणे म्हणजे गंजरोधकांना पहिल्याच दिवशी चुन्याशी लढायला लावणे. प्रमाणाबाबतही उत्तरेकडील आकडे आंधळेपणाने उचलण्याचे कारण नाही. लेह-लडाखला जाणाऱ्या गाडीला निम्मे ग्लायकॉल हवेच; नाशिक-मुंबई करणाऱ्या गाडीला उत्पादकाने मुभा दिली असेल तर एक तृतीयांशही पुरते, आणि पाणी जास्त असल्याने उष्णता अधिक चांगली निघते. मात्र त्याहून कमी केले तर गंजरोधकही तेवढेच विरळ होतात. घाटात अचानक गरज पडली तर साधे पाणी घालून गाडी गावापर्यंत आणावी, त्यात पाप नाही. नंतर ते सर्व काढून नवे भरावे.

एका गोष्टीवर थोडे थांबायला हवे, कारण तिचा संबंध थेट जिवाशी आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते व मूत्रपिंडे निकामी होतात. त्याचा सख्खा भाऊ डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधात द्रावक म्हणून तो वापरला गेला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला; त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली, आणि औषधखरेदीतील भ्रष्टाचारावरचा तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत उरलेले कूलंट भरून ठेवण्याची आपल्याकडील सवय या पार्श्वभूमीवर पाहावी. ते मुलांच्या हाती लागू शकते, आणि अंगणात सांडलेला गोड द्रव कुत्री चाटतात.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाटाला बगल देणारा त्यावरील सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत पार होतो, आणि इंजिनाचा काटा मध्यावरून हलतही नाही. जुन्या घाटात मात्र सुट्टीच्या दिवशी अजूनही रांगा लागतात. बंद काचा, चालू एसी, पहिला गिअर आणि जवळजवळ शून्य वारा. अशा रांगेत एप्रिलच्या दुपारी एखादी गाडी वाफ सोडत कडेला उभी दिसली, तर ती बहुधा अशी असते जिच्यात कूलंट संपले म्हणून कोणीतरी दोन वर्षे बोअरचेच पाणी घालत आले आहे.